धक्का जाणार

इंद्रायणी भाताच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकायला लागल्या की माझा एक कान कायम बांधावरच्या हिरड्याकडं असतो. आमच्या पासलीत मोबाईलची रेंज सगळीकडं नाही. आमच्या खाचरांत ती फक्त त्या हिरड्याखाली येते, तीही वारा असेल तशी. म्हणून कापणीच्या दिवसांत मोबाईल कापडी पिशवीत घालून हिरड्याच्या फांदीला अडकवलेला असतो. वाजला की जवळ जो असेल त्यानं उचलायचा, निरोप घ्यायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. यंदाही पिशवी लटकली आहे. सकाळी दंव इतकं पडतं की विळा धरलेला हात कोपरापर्यंत भिजतो, आणि भाताच्या पात्यांनी कापलेल्या बोटांना ते पाणी झोंबतं. असं झोंबलं की मला ती कापणी आठवते.

मी घाटाखालची. खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. आठवी झाली आणि माझी शाळा सुटली. हायस्कूल खाडीपलीकडं होतं, आई अंथरुणाला खिळली होती, घरात कुणीतरी लागत होतं. पुढं आई त्यातच गेली. धाकटा भाऊ दिनेश शिकला. मी बाबांचा डबा घेऊन धक्क्यावर जायला लागले. बोट ज्याला लागते, माणसं जिथं चढतात-उतरतात, त्याला आमच्याकडं धक्का म्हणतात. लोखंडाचे खांब, वर सागाच्या फळ्या, आणि गावापासून निघून सरळ पाण्यात गेलेली वाट. बाबा त्या वाटेच्या टोकाला उभे असायचे. पलीकडच्या गावची बोट आली की खलाशी दोर फेकायचा, बाबा तो झेलून खुंटाला वेढे द्यायचे. जन्मभर त्यांनी हेच केलं. दोर आला, धरला, बांधला. सोडला, फेकला, बोट गेली.

आता मी जिथं राहते तिथून माहेर सरळ मोजलं तर लांब नाही. पासलीच्या पुढं केळदकडं गेलं की मढे घाटाचा कडा येतो. तिथं उभं राहिलं की खाली कोकणच दिसतं, एकामागं एक डोंगर उतरत गेलेले. स्वच्छ दिवशी शेवटी एक फिकट पट्टा असतो. तो समुद्र आहे की नुसतं आभाळ, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. रविवारी पुण्याकडची मंडळी गाड्या घेऊन येतात, कड्यापर्यंत जातात, वारा खातात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. त्यांना बघितलं की मला धक्क्यावरचे पाहुणे आठवतात. तेही तेवढंच करायचे. पण मला माहेरी जायचं तर कड्यावरून उडी मारून चालत नाही. वेल्हे, मार्गासनी, कापूरहोळ, मग भोर, मग वरंधा घाट उतरून महाड, आणि तिथून पुढं आणखी एक एसटी.

धक्का पाडणार, असं दिनेश बरीच वर्षं सांगत होता. खांब गंजले होते, शेजारी सिमेंटची नवी जेटी होणार होती. त्या वर्षी गणपतीत फोन आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, आता खरंच जातोय बघ. यायचं तर येऊन जा." मी 'बघते' म्हटलं. मला जायचं होतं. एकदा, एकदाच त्या फळ्यांवरून टोकापर्यंत चालत जायचं होतं, बाबा तिथं उभे असताना. पण गणपतीनंतर तणाची बेणणी होती, मग गवत, मग कापणी. कापणीत कुणी माहेरी जातं का? आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही, आणि कापलेलं भात खाचरात भिजलं की वर्षभराचं खाणं जागेवर मोड येऊन जातं.

आणि मागायला माझी जीभ रेटत नाही. या घरानं माझं फार केलं आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला विळा धरता येत नव्हता. पहिल्याच दिवशी बोट कापलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, लुगड्याचा काठ फाडून बांधला आणि म्हणाल्या, "रडतीस कशाला? रगात सांडलं म्हनून भात काय लाल निघत न्हाई." थोरल्याच्या बाळंतपणात भर पावसात ओढा फुगला होता, तेव्हा वाडीतल्या बाप्यांनी मला घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत खांद्यावरून नेलं. अशा माणसांना 'मला लाकडाची फळकूटं बघायला जायचंय' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? ते जा म्हणाले असते, हीच भीती जास्त होती. त्यांनी जा म्हणायचं, मी जायचं, आणि मागं पाऊस पडायचा. रात्र रात्र मी हेच मनात घोळवायचे आणि सकाळी गप्प राहायचे.

त्यामुळं आमच्याकडं कुणाला धक्का माहीतच नव्हता. सोयरीक जमवणाऱ्यानं 'मुलीचे वडील बोटीवर हायती' असं सांगून टाकलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. बोट हा शब्द घाट चढून आला. धक्का खालीच राहिला.

त्या दिवशी आमच्या मोठ्या खाचराची कापणी होती. आमच्याकडं अजून पैरा चालतो. आज सगळ्याजणी आमच्या वावरात, उद्या आम्ही त्यांच्या. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंचा पैरा होता. हौसाबाई शेजारच्या, तोंडानं विळ्यापेक्षा धारदार. "वनिताचा हात बगा," त्या म्हणत होत्या, "दोर वळल्यावानी पेंडी बांधती. कोकनातली हाय, भात पळून जाईल असं वाटतं तिला." सगळ्या हसल्या. पश्चिमेला ढग होते. काळे नव्हते, पण होते. भाताच्या ताज्या बुडख्यांचा गोडसर वास सुटला होता आणि वाकून वाकून कंबर दगडासारखी झाली होती.

हिरड्याखाली मोबाईल वाजला. आत्याबाई पाणी प्यायला तिकडं गेल्या होत्या, त्यांनी उचलला.

"हालू... व्हय, बोला... कोन? दिनेश व्हय... काय म्हनता?... आँ?... मोठ्यानं बोला!... आरं देवा. कवा?... बोलत न्हाईत?... हालू? हालू?"

त्या धावत आल्या नाहीत. सावकाश आल्या, विळा माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वनिता, तुज्या भावाचा फोन व्हता. बाबास्नी धक्का बसलाय गं. सकाळधरनं बोलत न्हाईत. आनी..." त्या थांबल्या. "...जानार म्हनला."

मी हिरड्याकडं पळाले. दिनेशचा फोन लागेना. परत लावला, परत नाही. बाबांना रक्तदाब होता, गोळी घ्यायला विसरायचे, मी दर फोनला तेवढंच विचारायचे. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, बाबा पलंगावर आणि तोंड वाकडं झालेलं.

आता लिहिताना वाटतं, 'धक्का' म्हटल्यावर मला कसं सुचलं नाही? पण पासलीतल्या कुणाच्या तोंडून मी तो शब्द कधी त्या अर्थानं ऐकलाच नव्हता. हितं चिखलात रुतलेल्या एसटीला धक्का देतात आणि माणसाला धक्का बसतो. तिसरा धक्का नाही. आणि कापणीत माझे कानही हितलेच झालेले असतात.

"उबी का? नीघ," हौसाबाई म्हणाल्या.

"उद्या तुमच्याकडं पैरा आहे माझा."

"पैरा ग्येला खड्ड्यात! तुजा बाप परत येनार हाय का? माजं भात काय, आज न्हाई तर परवा पडंल कापून."

"ढग आलेत."

"मग त्येनला सांगते मी काय सांगायचं ते. तू नीघ."

माझी कापायची राहिलेली पात, माझ्या वाट्याची ओळ, दोघींनी वाटून घेतली. आत्याबाईंनी घरी येऊन माझी पिशवी भरली. दुधाची गाडी वेल्ह्याला जायला थांबली होती, तिच्यात बसवलं आणि पिशवीच्या तळाशी हात दाबून म्हणाल्या, "खाली एक कापड ठिवलंय. कोरं हाय. लागलं तर आसू दे." मी बघितलं नाही. कुणावर घालायचं ते मला कळलं होतं.

कापूरहोळला आमचे हे भेटले. ते तिथल्या गॅरेजमध्ये टेम्पोची कामं करतात. हात पुसत आले, त्यांच्या मोबाईलवरून दिनेशला लावून बघितलं, लागला नाही, मला भोरपर्यंत आणून सोडलं आणि महाडच्या गाडीत जागा धरून दिली. म्हणाले, "मी पासलीला जातो, भात बघतो. तू मागची काळजी करू नको." गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. वरंध्याच्या वळणांवर लोक वांत्या करत होते, मला तेवढंही सुचत नव्हतं. मी नुसती मनात म्हणत होते, मला बघेपर्यंत थांबा. मागितलं असतं तर आधीच आले असते, चांगले हिंडते-फिरते असताना भेटले असते.

महाडच्या स्टँडवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी गावात उतरले. घराला कुलूप होतं. कुलूप बघितल्यावर मी ओट्यावरच बसले. शेजारची काकू मासळी साफ करत होती, तिनं मान वर केली. "अगो वनू! कधी आलीस? सगळी धक्क्यावर गेलीत."

"आणि बाबा?"

"तेच तर कालपासून तिथं बसलेत. जेवायलाही उठत नाहीत. सोमवारी धक्का जाणार ना."

मी पिशवी उचलली. मग उठले. आधी चालले, मग पळाले.

बाबा टोकाला बसले होते, खुंटाला पाठ लावून, पाय पाण्याकडं सोडून. तोंड जिथल्या तिथं होतं. मला बघून म्हणाले, "कापणी टाकून कशी गो आलीस?" मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून इतकी रडले की दोन-तीन पाहुण्यांनी फोटो काढायचे थांबवले. बाबांना वाटलं मी धक्क्यासाठी रडतेय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "असू दे गो बाय. जुना झालाय. कुणाला तरी घेऊन पडण्यापेक्षा बरं." पिशवीतून रुमाल काढायला गेले तर हाताला ते कोरं पांढरं कापड लागलं. ते बाहेर आलं, बाबांनी बघितलं. "जावयांनी पाठवलं? चांगलं आहे." आणि डोक्याला गुंडाळलं. अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.

दिनेशनं मग सगळं सांगितलं. तो म्हणाला होता, 'धक्का जाणार सोमवारी, बाबा सकाळपासून बसलेत तिथं, बोलत नाहीत, ताईला सांगा.' वाऱ्यानं आणि हिरड्यानं त्यातलं जेवढं दिलं तेवढं आत्याबाईंनी घेतलं.

त्या दिवशी धक्क्यावर जत्रेसारखी माणसं होती. पाडणार म्हटल्यावर सगळ्यांनाच तो बघायचा होता. धक्का बांधला तो आगबोटींसाठी. त्या वेळी रस्ते नव्हते, मुंबईला जायचं तर आगबोट. आमच्या आजोबांनी याच फळ्यांवरून आंब्याच्या पेट्या आणि सुपारीची पोती वाहिली. गावातला प्रत्येक चाकरमानी हितूनच गेला आणि प्रत्येकाची आई हितंच उभी राहून रडली. मग रस्ते झाले, आगबोट बंद पडली. बरीच वर्षं धक्क्यावर पलीकडची बोट आणि वाळणारी जाळी, एवढंच होतं. मग पाहुणे यायला लागले. बाबा म्हणायचे, "आगबोट गेली आणि फोटो आले."

पाहुण्यांना त्यात काय सापडायचं, हे मला लहानपणी कळत नसे. त्यांना कुठं जायचं नसायचं. टोकापर्यंत चालायचं, फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी बघून घाबरायचं, उकडलेल्या शेंगा खायच्या, सूर्य बुडाला की परत. लग्न ठरलेली जोडपी यायची, त्यांचा फोटोवाला बाबांना 'काका, जरा बाजूला' म्हणायचा. बाबा बाजूला व्हायचे आणि मग बोट आली की त्यांना म्हणायचे, "आता तुमी जरा बाजूला." कुणी इतिहास विचारला तर रंगवून सांगायचे. एका गोऱ्या साहेबाची मडम टोपी पकडायला गेली आणि पाण्यात पडली, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्या टोपीचा रंग दर वेळी वेगळा असायचा, हेही मला माहीत आहे.

पण त्या दिवशी मी स्वतः तसंच चालले. गावाच्या बाजूनं सुरुवात करून, सावकाश, टोकापर्यंत. फळ्या पायाखाली दबत होत्या. मिठाचा, डांबराचा आणि ओल्या काथ्याचा वास होता. टोकाला जाऊन वळलं की आपलंच गाव लहान दिसतं, डोंगराच्या पायाशी ठेवल्यासारखं. वर सह्याद्रीची रांग होती. त्यातला कुठला तरी एक कडा मढे घाटाचा असणार. तिथून मी हिकडं बघत होते, आज हितून तिकडं. पाहुणे यासाठीच येत असतील. आपण राहतो ते ठिकाण जरा लांबून बघायला मिळतं, आणि पाय भिजत नाहीत.

बरं वाटत होतं, आणि म्हणूनच भीती वाटायला लागली. तिकडं हौसाबाईंचं भात उभं होतं. माणसं माझा बाप मरतोय म्हणून माझं काम उचलून बसली होती आणि मी हितं शेंगा खात होते. शनिवार होता. धक्का सोमवारी जाणार होता. खरं सांगितलं की आजच निघावं लागणार. आणि नाही सांगितलं तर... नाही सांगणं मला जमलंच नसतं. संध्याकाळी मी फोन लावला. आत्याबाई हिरड्याखालीच होत्या, माझ्याच निरोपाची वाट बघत.

"आत्याबाई, बाबा बरे आहेत."

"आं? बोलाय लागलं?"

"ते आजारी नव्हतेच. धक्का म्हणजे हितं बोट लागायची जागा असते. ती पाडणार आहेत, म्हणून बाबा तिथून उठत नाहीत. ती जाणार आहे. बाबा नाही."

मला वाटलं रेंज गेली. मग त्यांचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे, वावराकडं तोंड करून, "अगं ए हौसे! म्हातारा हाय! धडधाकट हाय! जागा पडनार हाय जागा!" आणि लांबून हौसाबाईंचा आवाज, "मग मी हितं उपाशीपोटी कुनाच्या नावानं बसलीया?" नंतर हसणं. खूप वेळ हसणं. मी फोन कानाला गच्च धरून उभी होते.

"मी सकाळच्या गाडीनं निघते," मी म्हटलं. "ढग कसे आहेत?"

"ढग हायती तितंच हायती. कवा पाडनार म्हनलीस?"

"सोमवारी. पण मी उद्याच..."

"तुजा बा त्यो सोडून उठत न्हाई म्हनं?"

"नाही उठत."

"मग?" त्यांचं हसू थांबलं होतं. "घरातलं मानूस जाताना आपुन उटून येतो का? ऱ्हा. सोमवार हू दे. आनी पुन्यांदा असं काय आसंल तर आदी सांगत जा. मरायची वाट बगू नको कुनाच्या."

मी राहिले. रविवारी दिवसभर बाबांनी बोटी घेतल्या. दोर मी झेलला एकदा, हाताची सालं गेली. सोमवारी पाण्यातून यंत्र आलं आणि दुपारपर्यंत फळ्या निघाल्या. बाबा ते कोरं कापड डोक्याला बांधून किनाऱ्यावर उभे होते. शेवटचा खांब कलला तेव्हा ते म्हणाले, "चल, घरी जाऊ," आणि घरी येऊन पोटभर जेवले. मी बघितलं आणि मगच पिशवी भरली.

पासलीला पोचले तेव्हा ढग न बरसता निघून गेले होते. हौसाबाईंच्या खाचरात नुसती बुडखी उरली होती. माझा पैरा कुणी भरला ते मी विचारलं, कुणी सांगितलं नाही. मी दारात चपला काढतेय तोच हौसाबाई पदराखाली ताट झाकून आल्या, मागं आणखी दोघी-तिघी. आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात.

"हे काय?" मी म्हटलं.

"कडू घास. बस खाली."

"अहो, पण बाबा..."

"तुज्या बाला शंबर वर्सं आविष्य हाय, म्या त्येच्यासाठी न्हाई आनलं." त्यांनी ताट पुढ्यात ठेवलं. हसतायत की काय ते मी बघितलं. हसत नव्हत्या. "ग्येलं ते तुजंच हुतं न्हवं? मग खा."

त्या समोर बसल्या, आत्याबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी पहिला घास घेतला. पिठलं होतं आणि भात होता, माझ्या वाट्याच्या खाचरातला, घाईनं कांडलेल्या नव्या तांदळाचा, जरा चिकट.

मी सगळं ताट संपवलं.